दप्तरखान्याची किल्ली : गुलामांचा इतिहास लिहिणारे जॉन होप फ्रँकलिन

मार्च महिना आला की आमच्या कार्यालयात डेडस्टॉक रजिस्टरची तपासणी सुरू होते. टेबल, खुर्ची, कपाट, पंखा अशा प्रत्येक वस्तूला एक क्रमांक. त्यापुढे खरेदीची तारीख, किंमत आणि शेरा. कारकुनी करणाऱ्याला हे रोजचेच काम. पण समजा, असे रजिस्टर चाळता चाळता कपाट आणि खुर्ची यांच्यामध्ये एखाद्या बाईचे नाव आले, पुढे तिचे वय, तिच्या लेकराचे वय आणि दोघांची मिळून किंमत लिहिलेली दिसली, तर? हात थांबेल की नाही?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अशी रजिस्टरे खरोखर होती. कापसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांचे गोरे मालक वारले की त्यांच्या मालमत्तेची यादी होई. त्या यादीत खेचरे, नांगर, पलंग, आरसे यांच्याबरोबर गुलाम माणसेही किमतीसह लिहिली जात. सन 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव लिहीत. त्याखाली गुलामाचे वय, लिंग आणि रंग. गुलामाचे नाव सहसा लिहीतच नसत. सन 1860 मध्ये अशा माणसांची संख्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख होती. साडेएकोणचाळीस लाख माणसे, आणि सरकारी कागदात बहुतेकांना नाव नाही!

वाचक बंधू-भगिनींनो, अशा कागदांच्या ढिगाऱ्यात बसून ज्यांनी त्या बिननावाच्या माणसांना पुन्हा माणूस म्हणून उभे केले, त्या इतिहासकाराची ओळख आज करून घ्यायची आहे. त्यांचे नाव जॉन होप फ्रँकलिन. जन्म 2 जानेवारी 1915, मृत्यू 25 मार्च 2009. चौऱ्याण्णव वर्षांच्या आयुष्यात या माणसाने शस्त्र हातात घेतले नाही की निवडणूक लढवली नाही. त्यांनी फक्त कागद वाचले आणि पुस्तके लिहिली. पण ते कागद वाचायला मिळावेत म्हणून त्यांना जे सोसावे लागले, ते आपल्या घरातल्या शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला कळले पाहिजे.

गाडीतून खाली उतरवले

ओक्लाहोमा राज्यात रेन्टीसव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या काळी गाव सगळे कृष्णवर्णीयांचे. जॉन होप यांचे वडील बक कोल्बर्ट फ्रँकलिन हे वकील होते. एकदा ते आपल्या अशिलाबरोबर लुइझियाना राज्यातील न्यायालयात गेले असता, आपल्या न्यायालयात काळा वकील चालणार नाही असे सांगून न्यायाधीशाने त्यांना बाहेर काढले. तेव्हा, जिथे गोऱ्यांशी रोज गाठ पडणार नाही अशा गावी राहावे, असे ठरवून ते रेन्टीसव्हिलला आले. आई मॉली शिक्षिका होत्या. लहानग्या जॉनला सांभाळायला घरी कोणी नव्हते. म्हणून त्या त्याला शाळेत नेत आणि कागद-पेन्सिल देऊन मागच्या बाकावर बसवत. पुढे शिकणाऱ्या मुलांचे ऐकून ऐकून हे पोर पाचव्या वर्षाच्या सुमारास लिहू-वाचू लागले.

सहा-सात वर्षांचे असतानाची गोष्ट. आई दोन लेकरांना घेऊन जवळच्या गावी निघाली होती. गाडी थोडाच वेळ थांबली, म्हणून समोर आला त्या डब्यात ती माणसे चढली. तो डबा नेमका गोऱ्यांचा निघाला. गार्डाने उठून दुसऱ्या डब्यात जायला सांगितले. चालत्या गाडीत मुलांना घेऊन मी डबा बदलणार नाही, असे आईने ठामपणे सांगितले. गार्डाने गाडी थांबवली आणि तिघांना रानात उतरवून दिले. मायलेकरे पायी घराकडे निघाली. जॉन रडू लागला. तेव्हा आईने त्याला समजावले, की रडण्यात आणि झुरण्यात शक्ती घालवू नकोस. तीच शक्ती आपण कोणाहून कमी नाही हे दाखवण्यासाठी वापर. फ्रँकलिन यांनी हा प्रसंग म्हातारपणापर्यंत पुनःपुन्हा सांगितला. त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा पाया त्या रानवाटेवर घातला गेला, असे म्हटले तरी चालेल.

टल्साची आग

रेन्टीसव्हिलमध्ये वकिलीवर पोट भरेना. म्हणून 1921 मध्ये वडील टल्सा शहरात गेले. तेथील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची वस्ती चांगली भरभराटीला आलेली होती; दुकाने, दवाखाने, चित्रपटगृहे सारे त्यांचे स्वतःचे. बिऱ्हाड मागाहून न्यायचे ठरले होते. पण 31 मे आणि 1 जून 1921 या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ग्रीनवुड जाळून टाकले. हजाराहून अधिक घरांची राख झाली. मेलेल्यांचा आकडा शंभरापासून तीनशेपर्यंत सांगितला जातो. इकडे रेन्टीसव्हिलमध्ये आई आणि मुले, वडील जिवंत आहेत की नाहीत या चिंतेत कित्येक दिवस होती.

वडील जिवंत होते. कार्यालय जळून गेले होते, म्हणून त्यांनी तंबू ठोकला आणि तंबूतच वकिली सुरू केली. जळलेल्या वस्तीत लोकांना पुन्हा घरे बांधता येऊ नयेत म्हणून नगरपालिकेने बांधकामाचा जाचक नियम काढला होता. वडिलांनी त्याविरुद्ध न्यायालयात लढा दिला आणि तो नियम रद्द करून घेतला. कुटुंब टल्साला पोहोचायला मात्र 1925 साल उजाडले.

टल्सातच, बारा वर्षांच्या जॉनने एका आंधळ्या गोऱ्या बाईला हात धरून रस्ता ओलांडायला मदत केली. चालता चालता तिने विचारले, तू गोरा की काळा? काळा म्हणताच, तुझे घाणेरडे हात बाजूला घे, असे ती ओरडली. डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसालाही वर्ण मात्र दिसतो, हे त्या मुलाला त्या दिवशी कळले. आपल्याकडच्या जुन्या माणसांना यात नवे काही वाटणार नाही. वरून पाणी ओतणारे आणि ओंजळ धरणारे हात आपल्या आजा-पणज्यांनी पाहिलेले आहेत.

एका गुरुजींचे कर्ज

शाळेत पहिला आलेला जॉन नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात गेला. वडिलांप्रमाणे वकील व्हायचे त्याने ठरवले होते. पण तिथे थिओडोर करिअर नावाचे इतिहासाचे गोरे प्राध्यापक भेटले. त्यांचे वर्ग ऐकून जॉन इतिहासाकडे वळला. 1935 मध्ये पदवी मिळाली, हार्वर्ड विद्यापीठात प्रवेशही मिळाला, पण पैसे नव्हते. तो काळ मंदीचा होता. करिअर यांनी बँकेत जाऊन स्वतःच्या नावावर पाचशे डॉलरचे कर्ज काढले आणि शिष्याच्या हातात ठेवले. स्वतः मध्यमवर्गीय प्राध्यापक असून, कातडीने गोरे असून, त्यांनी हे केले. इतिहास लिहिताना फ्रँकलिन यांनी सगळ्या गोऱ्यांना एका तराजूत कधी तोलले नाही. त्यामागे असेही अनुभव होते.

किल्ली मिळाली आणि गेली

हार्वर्डच्या डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला तो नॉर्थ कॅरोलिना राज्यातील मुक्त कृष्णवर्णीयांचा. गुलामगिरी चालू असतानाच काही थोडी कृष्णवर्णीय माणसे स्वतंत्र होती. कोणी पैसे भरून स्वतःला सोडवून घेतले होते, तर कोणाला मालकाने मुक्त केले होते. 1860 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात अशी तीस हजारांवर माणसे होती. पण हे स्वातंत्र्य तरी कसे? राज्यातील काही शहरांत एके काळी असा कायदा होता, की मुक्त कृष्णवर्णीयाने नगरपालिकेत नोंद करावी आणि डाव्या खांद्यावर ‘मुक्त’ असे अक्षर असलेला कापडी बिल्ला लावावा. 1835 मध्ये त्यांचा मतदानाचा हक्कही काढून घेतला गेला.

या माणसांची माहिती राजधानी रॅले येथील सरकारी दप्तरखान्यात होती. 1939 मध्ये फ्रँकलिन तिथे गेले. दप्तरखान्याचे संचालक सभ्य आणि सुशिक्षित गृहस्थ होते. त्यांनी अडचण सांगितली ती अशी, की ही इमारत बांधताना येथे कोणी काळा माणूस संशोधनाला येईल असे कोणाच्या मनातच आले नव्हते. त्यामुळे बसायला जागा नाही! आठवडाभराची मुदत द्या, काही व्यवस्था करतो, असे ते म्हणाले. फ्रँकलिन काही न बोलता उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून संचालकांनी मुदत अर्ध्या आठवड्यावर आणली.

व्यवस्था झाली. एक लहान खोली रिकामी करून त्यात टेबल, खुर्ची आणि कचऱ्याची टोपली ठेवण्यात आली. गोऱ्या संशोधकांच्या वाचनालयात त्यांनी बसायचे नाही. पण दुसरा प्रश्न उभा राहिला. दप्तरे काढून आणणारे शिपाई गोरे होते. काळ्या माणसाला कागद आणून देण्याचे काम त्यांना कसे सांगायचे? मग संचालकांनी तोडगा काढला आणि दप्तरांच्या मुख्य कोठाराची किल्लीच फ्रँकलिन यांच्या हाती दिली. तुमचे कागद तुम्हीच काढा, तुम्हीच ठेवा!

झाले ते उलटेच. फ्रँकलिन हातगाडी घेऊन कोठारात जाऊ लागले, हवे ते गठ्ठे स्वतः पाहून गाडीवर भरून आणू लागले. इकडे गोऱ्या संशोधकांना एकेका गठ्ठ्यासाठी चिठ्ठी लिहून वाट पाहावी लागे. दोन आठवडे असे गेल्यावर त्यांनी तक्रार केली, की आमच्यावर अन्याय होतो आहे. काळ्या माणसाला किल्ली आणि आम्हाला नाही? मग संचालकांनी किल्ली परत घेतली आणि शिपायांना सांगितले, की यापुढे यांनाही कागद आणून द्यायचे.

दप्तरांच्या कामात आयुष्य घालवणारा मी माणूस. हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आले, आणि मागोमाग मन गप्प झाले. कुठल्याही कार्यालयात खरी सत्ता कुठे असते हे कारकुनाला ठाऊक असते. ती साहेबांच्या केबिनमध्ये असते त्याहून जास्त रेकॉर्ड रूममध्ये असते. कागद ज्याच्या ताब्यात, त्याचे म्हणणे खरे. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे 1830 पासून नॉर्थ कॅरोलिनात गुन्हा होता, तो याचसाठी. कागद मालकाने लिहायचा, मालकाने ठेवायचा, आणि शंभर वर्षांनी मालकाच्या नातवाने त्यावरून इतिहास लिहायचा, अशी ती सोय होती. त्या कोठाराची किल्ली दोनच आठवडे का होईना, गुलामाच्या नातवाच्या हातात आली.

गुलामाचा नातू हे शब्द शब्दशः खरे आहेत. जॉन होप यांचे आजोबा डेव्हिड बर्नी हे गुलाम होते. यादवी युद्धाच्या धामधुमीत ते पळाले, गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या सैन्यात भरती झाले, आणि मालकाकडचे आडनाव टाकून त्यांनी फ्रँकलिन हे आडनाव घेतले.

त्याच कागदांतून फ्रँकलिन यांनी थॉमस डे नावाचा सुतार शोधून काढला. मिल्टन गावातला हा मुक्त कृष्णवर्णीय कारागीर इतके सुंदर लाकूडकाम करी, की गोरे श्रीमंत त्याच्याकडे रांग लावत. 1830 मध्ये त्याने शेजारच्या व्हर्जिनिया राज्यातील मुलीशी लग्न केले. पण बाहेरच्या मुक्त कृष्णवर्णीयाला नॉर्थ कॅरोलिनात यायला कायद्याने बंदी! शेवटी गावातल्या गोऱ्यांनीच अर्ज केला, आणि बायकोला नवऱ्याच्या घरी नांदायला येता यावे म्हणून विधिमंडळाला खास कायदा करावा लागला. एका अर्जाच्या कागदातून त्या काळचे सगळे जग कसे उभे राहते, ते पाहा.

फक्त रंग कमी पडला

1941 मध्ये फ्रँकलिन डॉक्टर झाले. वर्ष संपता संपता अमेरिका महायुद्धात उतरली. नौदलाला कार्यालयीन कामासाठी माणसे हवी होती, तशा जाहिराती झळकत होत्या. फ्रँकलिन भरती कार्यालयात गेले. टायपिंग येते, शॉर्टहँड येते, कार्यालयातील कामाचा अनुभव आहे आणि हार्वर्डची डॉक्टरेटही आहे, असे त्यांनी सांगितले. अधिकाऱ्याने उत्तर दिले, की तुमच्याकडे सगळे काही आहे, फक्त रंग नाही.

टायपिंगच्या परीक्षा देऊन नोकरीच्या रांगेत उभे राहिलेले आपले तरुण हे वाचतील तेव्हा त्यांना ती खिडकी आणि तो अधिकारी डोळ्यांसमोर दिसेल. फ्रँकलिन तेथून निघाले आणि पुन्हा आपल्या कागदांकडे वळले.

1945 मध्ये ते लुइझियानाच्या दप्तरखान्यात गेले. तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. पण नेमके त्याच वेळी महायुद्ध संपले आणि विजयोत्सवासाठी इमारत बंद राहणार होती. संचालक म्हणाले, इमारत बंद असताना तुम्ही आत बसून काम करू शकता. सारे शहर विजयाचा आनंद साजरा करत असताना हा एकटा माणूस रिकाम्या इमारतीत बसून टिपणे काढत होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसायला मिळे, पण शनिवारी जवळपास काळ्या माणसाला जेवण देणारी जागा सापडत नसे.

तीस लाख प्रतींचा ग्रंथ

या कष्टातून 1947 मध्ये ‘फ्रॉम स्लेव्हरी टू फ्रीडम’ म्हणजे ‘गुलामगिरीतून स्वातंत्र्याकडे’ हा त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. लेखनाच्या काळात पत्नी ऑरेलिया यांच्या ग्रंथपालाच्या पगाराचा मोठा आधार होता. दोघांची ओळख फिस्कमध्ये झाली, लग्न 1940 मध्ये झाले, आणि 1999 मध्ये ऑरेलियाबाईंच्या मृत्यूपर्यंत हा संसार टिकला.

या ग्रंथाचे महत्त्व समजायचे तर त्याआधी काय शिकवले जात होते ते पाहावे लागेल. उलरिच फिलिप्स या नामवंत इतिहासकाराने 1918 मध्ये अमेरिकेतील गुलामगिरीवर मोठे पुस्तक लिहिले होते. मळा ही जणू मागासलेल्या लोकांना सुधारणारी शाळा होती आणि मालक बहुतेक दयाळू होते, असे चित्र त्यात होते. पिढ्यान् पिढ्या मुले हेच शिकत होती. गुलाम सुखी होते म्हणे! आपल्याकडेही पूर्वी गावगाडा कसा गुण्यागोविंदाने चालत होता, हे सांगणारे कमी नाहीत. ज्याला गावाबाहेर ठेवले त्याला मात्र कोणी विचारत नाही.

फ्रँकलिन यांनी शिवीगाळ केली नाही. आफ्रिकेतील जुन्या राज्यांपासून सुरुवात करून, माणसांनी खच्चून भरलेली जहाजे, मळे, बंडे, यादवी युद्ध, 1865 मध्ये घटनादुरुस्तीने झालेली मुक्ती आणि त्यानंतरचा नवा जाच, असा सगळा क्रम त्यांनी पुराव्यानिशी मांडला. त्यांचे म्हणणे असे होते, की हा केवळ काळ्यांचा वेगळा इतिहास नाही; हा अमेरिकेचाच इतिहास आहे, आणि तो वगळून सांगितलेला अमेरिकेचा इतिहास खोटा आहे. या ग्रंथाच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या आणि तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

इतिहास न्यायालयात गेला

1953 मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता. 1868 ची चौदावी घटनादुरुस्ती करणाऱ्यांच्या मनात शाळांतील हा भेद संपवण्याचा हेतू होता काय, असे न्यायालयाने वकिलांना विचारले. याचे उत्तर इतिहासकारच देणार! कृष्णवर्णीयांच्या बाजूचे प्रमुख वकील थर्गुड मार्शल यांनी काही इतिहासकारांना बोलावले. त्यांत फ्रँकलिन होते. वॉशिंग्टनमध्ये शिकवायचे आणि आठवड्याच्या शेवटी न्यूयॉर्कला जाऊन रात्री-बेरात्री वकिलांसाठी टिपणे तयार करायची, असे काही महिने चालले. 17 मे 1954 रोजी सर्व नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य आहे.

दोन वर्षांनी, 1956 मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजने त्यांना इतिहास विभागाचे प्रमुख नेमले. विभागातील सगळे प्राध्यापक गोरे होते. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमी छायाचित्रासह झळकली. पण कॉलेजजवळ घर घ्यायला निघाले, तर दलाल घर दाखवेनात आणि बँका कर्ज देईनात. घर मिळायला वर्षाहून अधिक काळ गेला. पुढे शिकागो आणि ड्यूक विद्यापीठांत त्यांनी शिकवले. 1979 मध्ये ते अमेरिकन इतिहास परिषदेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले.

पळालेली माणसे

वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, 1999 मध्ये, लोरेन श्वेनिंगर या इतिहासकाराबरोबर त्यांनी ‘रनअवे स्लेव्ह्ज’ हा पळालेल्या गुलामांवरचा ग्रंथ लिहिला. पळालेल्या आजोबांच्या नातवाचे हे पुस्तक. यासाठी त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांतील मालकांच्या जाहिराती आणि न्यायालयातील अर्ज वाचून काढले.

गुलाम पळाला की मालक जाहिरात देई. उंची, रंग, अंगावरचे कपडे, बोलताना अडखळतो काय, आणि पकडून देणाऱ्यास बक्षीस किती. ओळख पटावी म्हणून अंगावरच्या खुणाही लिहिल्या जात. पाठीवर फटक्यांचे वळ आहेत, बोट तुटलेले आहे, डाग दिलेला आहे. मालक आपल्या क्रौर्याची कबुली आपल्याच पैशाने छापून घेत होता! त्याला ते कळत नव्हते, कारण हे कागद एक दिवस गुलामाचा नातू वाचेल असे त्याच्या स्वप्नातही नव्हते.

पुष्कळ जाहिरातींत आणखी एक ओळ असे. तो अमुक मळ्याकडे गेला असावा, कारण त्याची बायको तिथे आहे. ती तमुक गावाकडे गेली असावी, कारण तिची आई तिथे विकली गेली आहे. उत्तरेकडील मुक्त राज्यांत पोहोचणारे थोडेच असत. बहुतेक जण जवळच्या रानात लपत, आपल्या माणसांना भेटत, पकडले जात, फटके खात आणि पुन्हा पळत. दर वर्षी असे पळणारे पन्नास हजारांहून अधिक असावेत, असा लेखकद्वयाचा अंदाज आहे. ज्यांना सुखी म्हटले गेले ती माणसे इतकी का पळत होती? या एका प्रश्नाने दयाळू मालकाची कहाणी कोसळते. आणि तिला कोसळवणारा पुरावा मालकाच्याच हातचा आहे.

पूर्वसुरीच्या थडग्यावर दगड

फ्रँकलिन यांच्या आधी जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स नावाच्या कृष्णवर्णीय इतिहासकाराने 1880 च्या दशकात आपल्या लोकांचा मोठा इतिहास लिहिला होता. 1890 मध्ये काँगोत जाऊन बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याचे अत्याचारही त्याने जगापुढे मांडले. 1891 मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथे तो वारला आणि विस्मृतीत गेला. फ्रँकलिन यांनी चाळीस वर्षे त्याची माहिती गोळा केली, त्याचे चरित्र 1985 मध्ये प्रसिद्ध केले, आणि ब्लॅकपूलमधील त्याचे बिननावाचे थडगे शोधून त्यावर नावाचा दगड बसवला. आपल्या आधी चाललेल्या माणसाचे ऋण असे फेडावे लागते.

सन्मानाच्या आदल्या रात्री

1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. त्याच्या आदल्या संध्याकाळी वॉशिंग्टनमधील एका प्रतिष्ठित क्लबमध्ये त्यांनी मित्रांना जेवायला बोलावले होते. ते स्वतः त्या क्लबचे जुने सभासद. तिथे एका गोऱ्या बाईने त्यांच्या हातात बिल्ला दिला आणि माझा कोट आणून दे, असे फर्मावले. गणवेशातल्या सेवकाला सांगा, असे त्यांनी शांतपणे सांगितले. त्याच सुमारास ओक्लाहोमातील हॉटेलात एका गोऱ्या माणसाने आपल्या मोटारीची किल्ली त्यांच्यापुढे धरून गाडी आणायला सांगितले. वय ऐंशी, छातीवर देशाचा सन्मान, नावावर तीस लाखांचा ग्रंथ. आणि समोरच्याला दिसला तो फक्त एक काळा नोकर.

त्यांनी आरडाओरडा केला नाही, पण हे प्रसंग गिळूनही टाकले नाहीत. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले. घरामागच्या काचगृहात शेकडो ऑर्किड फुलझाडे वाढवणारा हा हळुवार माणूस नोंद ठेवण्याच्या बाबतीत मात्र कधी ढिला पडला नाही.

आपल्या पेटीतले कागद

अमेरिकेतील ही कथा आपल्याला परकी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला, तो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. फ्रँकलिन जन्मले तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे त्यांनी गुलाम आणि अस्पृश्य यांच्या स्थितीची तुलना करणारे लेखन केले. गुलामांच्या व्यापारावर 1896 मध्ये ग्रंथ लिहिणारे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना त्यांनी 1946 मध्ये पत्र पाठवले. त्याच डुबॉय यांचे भाषण टल्सात अकरा वर्षांच्या जॉन होपने ऐकले होते.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. टल्साच्या आगीत फ्रँकलिन यांच्या वडिलांनी जे डोळ्यांनी पाहिले, ते त्यांनी 1931 मध्ये टाइप करून ठेवले होते. दहा पाने. वडील गेले, मुलगाही गेला. 2015 मध्ये ती पाने सापडली आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ग्रीनवुडमध्ये काय घडले याचा एक साक्षीदार त्या पानांतून अजून बोलतो आहे.

आपल्या घरातही पत्र्याची पेटी असते. तिच्यात आजोबांचे गिरणीचे ओळखपत्र असते, आजीचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, एखाद्या मोर्चाचे पत्रक असते, गावाकडच्या जमिनीचा फाटका कागद असतो. दिवाणखाना रंगवताना ही रद्दी म्हणून बाहेर जाते. या रविवारी मुलांना घेऊन ती पेटी उघडावी. प्रत्येक कागदावर कोणाचा, कधीचा, कुठला, एवढे पेन्सिलीने मागे लिहावे. आजी जिवंत असेल तर तिला विचारावे आणि ती सांगेल तसे वहीत उतरवून घ्यावे. फ्रँकलिन यांना किल्लीसाठी दारात उभे राहावे लागले. या पेटीची किल्ली तर आपल्याच घरात, चुलीजवळच्या खिळ्याला टांगलेली आहे.